कोंबड्यांना अळ्या देताय? मग आधी शिट वाचायला शिका

अळी दिसली की कोंबडी हातातलं काम टाकून धावते, त्यामुळे आवडेल का हा प्रश्नच नाहीये. किती द्यायच्या आणि पोटाला झेपतंय का, खरी गोम तिथे आहे. मी सुरुवातीला सुकवलेल्या अळ्यांचं अख्खं भांडं पुढ्यात ठेवलेलं, चार दिवसांत बायांनी नेहमीचं खाद्य नुसतं चिवडायला घेतलं आणि शिट पातळ झाली, तेव्हापासून काट्यावर मोजून देतो.

अळ्या म्हणजे इथे ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, आपली काळी सैनिक माशी. सुकवल्यावर त्यात साधारण ४० टक्के प्रोटीन आणि ३० च्या आसपास फॅट. त्या फॅटमध्ये लॉरिक ॲसिड भरपूर असतं, जे क्लॉस्ट्रिडियमसारख्या आतड्यात उच्छाद मांडणाऱ्या बॅक्टेरियाची वाढ रोखतं, निदान लॅबमध्ये तरी. दुसरी गोष्ट कायटिन, म्हणजे अळीची कडक साल. कोंबडीच्या जठरात कायटिन तोडणारं एन्झाइम असतं पण सगळंच काही पचत नाही, उरलेलं सीकममध्ये जातं (आतड्याच्या शेवटी दोन पिशव्या असतात ना, त्या) आणि तिथले बॅक्टेरिया त्यातलं थोडंफार आंबवून ब्युटिरिक ॲसिड बनवतात, जे आतड्याच्या अस्तराला पोसतं. थोडं कायटिन चांगलं ते यासाठी. जास्त झालं की उलटतं, ब्रॉयलरवरच्या प्रयोगात खाद्यात १५ टक्के अळीपावडर घातल्यावर अन्न शोषणाऱ्या विली (आतड्याच्या आतले बोटांसारखे बारीक उंचवटे) आखूड झालेल्या दिसल्यात.

म्हणून सुरुवात ५ टक्क्यांच्या आत. अंड्यावरची कोंबडी दिवसाला अंदाजे ११५ ग्रॅम खाते, त्याचे ५ टक्के म्हणजे ६ ग्रॅम सुक्या अळ्या. जिवंत देत असाल तर त्यात दोन तृतीयांश पाणीच असतं, मग १८ ग्रॅमपर्यंत चालतील, मोठ्या अळ्या असतील तर ८०-९० नग. पहिला आठवडा याच्या निम्म्याच द्या आणि नेहमीचं खाद्य खाऊन झाल्यावर, दुपारनंतर, एका ढिगात न ओतता लिटरवर (खुराड्यात जमिनीवर अंथरलेला भुसा) विखरून टाका. उकरून उकरून शोधतात, दादागिरी करणारी एकटीच सगळं गिळत नाही आणि लिटरही हलतं राहतं, फुकटात.

बारीक खडे कायम समोर ठेवायचे, कोंबडी ते गिळते आणि पोटातल्या गिझर्डमध्ये (स्नायूंची जाड पिशवी) त्यांच्यावरच खाल्लेल्याचं दळण होतं.

आता शिट. सकाळी खुराड्यात फळीखाली कागद टाकून बघा. घट्ट गोळी आणि वर पांढरी टोपी म्हणजे ठीक. मधूनच एखादी तपकिरी, चिकट, टॉफीसारखी आणि भयंकर वासाची पडते, ती सीकममधली असते आणि नॉर्मल असते, नवीन लोक उगाच घाबरतात (मीही घाबरलेलो). फेसाळ, पाणीदार किंवा न पचलेले दाणे सलग दोन दिवस दिसले तर अळ्या थांबवा, सावरलं की निम्म्यावरून परत सुरू करा. रक्त दिसलं तर अळ्यांना दोष देत बसू नका, कॉक्सिडिओसिस (आतड्यातल्या परजीवींचा रोग) असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

अळ्या कशावर वाढल्यात हे मात्र विचाराच. शेणखतावर किंवा सडलेल्या मांसावर वाढलेल्या नकोत, युरोपियन युनियनने २०२१ मध्ये कोंबडीखाद्यात कीटक प्रोटीनला परवानगी दिली तरी अळ्यांना विष्ठा आणि हॉटेलातलं खरकटं घालायला तिथे बंदीच आहे. मेलेल्या जनावरावरच्या अळ्यांमधून तर बोट्युलिझम (बॅक्टेरियाच्या विषाने येणारा लकवा) होऊ शकतो, कोंबडीची मान लुळी पडते आणि मग फारसं काही करता येत नाही. घरी वाढवत असाल तर भाजीपाल्याची साल, कोंडा बास. सुकवायच्या आधी उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटं बुडवा, कडकडीत वाळवा आणि हवाबंद डब्यात भरा. फॅट जास्त असल्याने लवकर खवट होतात, डबा उघडल्यावर जुन्या तेलासारखा वास आला की सरळ फेकून द्या, कोंबड्या कितीही माना उंचावून बघत असल्या तरी.