जुनी जिप्सी पहिल्यांदाच चिखलात घालताय? आधी या चुका टाळा

जुनी मारुती जिप्सी, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी, दारात आली की पुढच्या महिनाभरात काय काय येणार ते ठरलेलं असतं. छतावर लाइटबार, पुढे जाड लोखंडी बंपर, मोठे टायर, गाडी उंच करणारे लिफ्टचे पाटे. डिफमधलं (चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलमधलं) ऑइल शेवटचं कधी बदललं, असं विचारलं की मात्र मालक मेकॅनिककडे बघतो आणि मेकॅनिक आभाळाकडे. पुढे-मागे दोन चाकं एकाच दांड्याने जोडणारे सॉलिड अ‍ॅक्सल, जेमतेम टनभर वजन आणि लो गिअर एवढ्यावर काहीही न बदललेली कंपनीची जिप्सी नवशिक्याला हवं तिथे बहुतेक पोचवते, फक्त तिचं जे आहे ते चालू हवं. लोखंडी बुलबारवर (त्या जाड बंपरवर) कारवाई करा, असं केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना कळवलंय, आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत. मोठ्या टायरने गिअरिंग लांबतं, म्हणजे लो गिअरचा जोर कमी होतो आणि अ‍ॅक्सलवरचा ताण वाढतो.

हब न तपासता निघणं

सगळ्यात जास्त फजिती इथे होते. ट्रान्सफरचा (दोन की चारही चाकांना ताकद, ते ठरवणाऱ्या गिअरबॉक्सचा) लिव्हर फोर-एलमध्ये (चारही चाकं, लो गिअर) टाकलाय, मागची चाकं चिखल उडवतायत आणि पुढची नुसती बघत बसलीयत. कारण पुढच्या चाकांवरचे हब (चाक त्याच्या शाफ्टशी जोडणारी, हाताने फिरवायची कुलपं) ‘फ्री’वरच राहिले. किंवा एकच फिरवला. पुढचा डिफ साधा (लॉक न होणारा) असल्याने एका बाजूचा हब सुटा राहिला तर सगळी ताकद त्या सुट्या बाजूने निघून जाते, दुसऱ्या चाकाला काहीच मिळत नाही.

वर्षानुवर्षं न फिरवलेला हब आत गंजतो. बाहेरची चकती ‘लॉक’ दाखवते, आत काही अडकत नाही. घरीच तपासता येतं. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, दोन्ही हब लॉक, ट्रान्सफर टू-एचवर (फक्त मागची चाकं). पुढचं एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा आणि खाली पुढच्या प्रोपेलर शाफ्टकडे (ट्रान्सफरपासून पुढच्या डिफपर्यंतच्या लांब दांड्याकडे) बघा. तो चाकाबरोबर फिरायला हवा. नाही फिरला तर दोहोंपैकी एक हब पकडत नाहीये. उघडून साफ करून ग्रीस भरलं की बऱ्याचदा काम भागतं.

उलटी चूक म्हणजे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून चालवणं. जिप्सीत मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचा फरक कुठे जिरतच नाही. शाफ्टमध्ये पीळ बसतो आणि लिव्हर बाहेर येईना होतो. असं झालं तर लिव्हरशी कुस्ती खेळू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ सुटतो.

पाण्यात घाई

ओढा दिसला की जोरात घालायचा, ही व्हिडिओ बघून लागलेली सवय. तापलेला डिफ गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि डिफ बाहेरून श्वास ओढतो. ब्रीदर (डिफची हवा आत-बाहेर जाण्याचं छिद्र) चिखलाने बुजलेला असेल तर ऑइलसीलच्या कडेने पाणी आत येतं. महिन्याभराने ऑइल दुधाळ चहाच्या रंगाचं निघतं आणि बेअरिंग बोलायला लागतं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर बांधून घ्या. किरकोळ खर्चाचं काम आहे, आणि माझ्या यादीत ते लाइटबारच्या कितीतरी वर आहे.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून बघा. तो ओला असेल तर स्पार्क प्लग काढून मगच इंजिन फिरवा. फिल्टर कोरडा आणि इंजिन नुसतं मिसफायर करत असेल, तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतून पुसा.

टायरची हवा

रस्त्याच्या हवेवरच चिखलात उतरू नका. १८ ते २० पीएसआयवर आणलं की टायर पसरतो आणि पकड लगेच कळते. १५ च्या खाली नवशिक्याने जाऊ नये, वळताना टायर रिममधून सुटतो. परत डांबरावर येण्याआधी हवा भरायची, म्हणजे कंप्रेसर सोबत हवा. काळ्या मातीत मात्र कुठलाही टायर दोन फेऱ्यांत गुळगुळीत होतो, तिथे पाऊस पडल्यावर न गेलेलंच बरं. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत पण रबर कडक झालेले टायर जुन्या गाड्यांवर हमखास सापडतात.

बंपरला दोर

ओढायचा दोर बंपरला, पाट्याला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला कधीच बांधू नका. चेसिसला बोल्टने बसवलेले हुक वापरा आणि त्यांच्या मुळाशी गंज किती आहे ते हातोडीने ठोकून बघा. झटका देऊन ओढायला साखळी किंवा तारेचा दोर नको, तुटला तर माणूस जातो. ओढताना बघ्यांना दोराच्या दुप्पट अंतरावर पाठवा. आणि एकट्या गाडीने जाऊच नका.

उतारावर लो फर्स्ट (लो गिअरमधला पहिला), पाय क्लचवरून बाजूला. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत अंगठे स्टिअरिंग व्हीलच्या आऱ्यांत अडकवू नका. चाक दगडाला लागलं की स्टिअरिंग फटकन फिरतं.

जागा चुकणं

कोकणातल्या किनाऱ्यावर भरतीत अडकलेल्या गाड्यांच्या बातम्या दर सुट्टीत येतात, बरोबर पोलिसांची कारवाईही येते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओली वाळू चाकाखालून निघून जाते. सडे आणि कासच्या बाजूची पठारं तर सोडूनच द्या. कातळावरच्या मातीच्या बोटभर थरात तिथली फुलं येतात, चाकाची एक चाकोरीही त्यांना पुरते. ओळखीच्या शेतकऱ्याचं पडीक रान, त्याला विचारून, सरावाला उत्तम.

घरी आल्यावर रिमच्या आतला चिखल धुवा. परतताना साठच्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागलं तर नव्याण्णव टक्के लोक आधी अलाइनमेंटला पळतात, पण बहुतेकदा रिममध्ये सुकलेला चिखलच चाकाचा तोल बिघडवत असतो. धुऊनही थरथर राहिली तर बॅलन्सिंग, मग किंगपिन बेअरिंग (पुढचं चाक ज्यावर वळतं ते), मग पाट्यांचे बुश, याच क्रमाने मेकॅनिककडून बघून घ्या. स्टिअरिंग डॅम्पर (थरथर जिरवणारा शॉकर) बदलणं सगळ्यात शेवटी.