गेट चा अर्थ झटकन कसा ओळखायचा

आधीच सांगतो, हा दरवाजावाला गेट नाही, जी ई टी वाला. डिक्शनरी उघडली की याचे अर्थ संपता संपत नाहीत, मिळणे, होणे, पोहोचणे, कळणे, आणणे, आणि बरेच जण ही यादी पाठ करत बसतात. नका करू, बोलताना काही आठवत नाही त्यातलं. बहुतेक वेळा गेटच्या पुढे काय आलंय ते बघितलं की काम होतं.

पुढे नुसती वस्तू आली तर मिळणे नाहीतर आणणे. आय गॉट अ जॉब, नोकरी लागली. गेट सम मिल्क, दूध घेऊन ये. विशेषण आलं की होणे, इट्स गेटिंग डार्क म्हणजे अंधार पडायला लागलाय. टू आणि ठिकाण आलं तर पोहोचणे, आय गॉट टू दादर ॲट नाइन, पण होम, हिअर, देअर यांच्या आधी टू घुसडायचा नाही.

आता आपली मराठी मंडळी हमखास कुठे गंडतात ते बघा. आपण म्हणतो मी काल केस कापले, समोरच्याला बरोब्बर कळतं की सलूनमध्ये जाऊन कापून घेतले. तेच इंग्लिशमध्ये आय कट माय हेअर म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटणार हा बाबा स्वतःच आरशासमोर कात्री घेऊन बसला होता. तिथे आय गॉट माय हेअर कट. आधी गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप, हाच क्रम. आय गॉट माय बाइक सर्व्हिस्ड, आय गॉट अ ब्लाउज स्टिच्ड. मनातल्या मनात करून घेतलं, शिवून घेतलं असं बसतंय ना, मग बिनधास्त गेट वापरा.

वस्तूच्या जागी माणूस आला आणि त्याच्याकडून काम करवून घेतलं तर टू लागतो, आय गॉट हिम टू साइन. यात पटवून, मागे लागून सही घेतल्याचा भाव आहे, मेड हिम साइन म्हटलं की जबरदस्ती वाटते आणि तिथे टू येत नाही. आणि हो, गॉट मॅरिड च्या पुढे विथ नको, टू. आपल्या डोक्यात "तिच्याशी लग्न" असतं म्हणून विथ येतो तोंडात.

गेट अप, गेट ओव्हर, गेट अलाँग यांना मात्र हा नियम लावू नका, ते अख्खेच्या अख्खे शिकायचे, सिरीज बघताना पूर्ण वाक्य मोबाइलमध्ये टिपून ठेवा, केंब्रिजची ऑनलाइन डिक्शनरी फुकट आहे, तिथे उदाहरणं भरपूर मिळतात. ऑफिसच्या फॉर्मल मेलमध्ये गेट जरा कमीच, आय गॉट युअर लेटर पेक्षा आय रिसीव्ह्ड युअर लेटर बरं दिसतं.

कुठे गॉटन दिसलं तर दचकू नका, ते अमेरिकन. त्यांच्याकडे आय हॅव गॉटन म्हणजे मिळालंय आणि आय हॅव गॉट म्हणजे माझ्याकडे आहे. आपल्याकडे गॉटनशिवाय काही अडत नाही.