शेवटच्या भागावरून दोन तट पडले, तर चर्चा अशी घ्या

विज्ञानकथापटांच्या मालिकेचा शेवटचा भाग आला की मित्रमंडळात दोन तट पडतात. एकाला भरून आलेलं असतं, दुसऱ्याला फसवलं गेल्यासारखं वाटत असतं. सोलापूरच्या पार्क चौकात चहाच्या गाडीवर तासभर हुज्जत घातली तरी कुणी कुणाचं ऐकत नाही, कारण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत नसतात. एक जण पडद्यावरच्या चित्रपटाबद्दल बोलतो आणि दुसरा आधीच्या भागांनी दिलेल्या शब्दाबद्दल. हे मुद्दे आधी वेगळे केले तर तोच वाद ऐकण्यासारखा होतो. सोलापुरात ३० जणांची, सव्वादोन तासांची चर्चा कशी घ्यायची ते पुढे दिलं आहे. उदाहरण 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या नवव्या भागाचं, म्हणजे २०१९ च्या 'द राइज ऑफ स्कायवॉकर'चं घेतलं आहे. १९७७ पासून ४२ वर्षं चाललेली मुख्य कथा तिथे संपते आणि प्रेक्षक इतके दुभंगलेले क्वचितच दिसतात.

चित्रपट घरी, चर्चा हॉलमध्ये

हॉलमध्ये पूर्ण चित्रपट दाखवू नका. ओटीटीचं खातं घरगुती वापरासाठी असतं. सार्वजनिक ठिकाणी दाखवायचं तर हक्कधारकाची किंवा वितरकाची परवानगी घ्यावी लागते, फुकट प्रवेश ठेवला तरीसुद्धा. शिवाय १४२ मिनिटांचा चित्रपट पाहून थकलेली माणसं नीट बोलत नाहीत, घरी जायची घाई करतात. प्रोजेक्टर, पडदा, स्पीकर हा सगळा खर्चही त्यामुळे वाचतो.

तीन आठवडे आधी सगळ्यांना पाहायची यादी द्या. नऊही भाग म्हणजे सुमारे वीस तास होतात, तेवढं सांगितलं तर निम्मे लोक येणारच नाहीत. चार भाग पुरतात. १९८३ चा 'रिटर्न ऑफ द जेडाय' (१३१ मिनिटं), २०१५ चा 'द फोर्स अवेकन्स' (१३८), २०१७ चा 'द लास्ट जेडाय' (१५२) आणि शेवटचा. एकूण ९ तास २३ मिनिटं, दोन रविवारी दोन-दोन करून आरामात होतात. १९८३ चा भाग गाळू नका. त्यात सम्राट पॅल्पटाइन मरताना दिसतो, आणि शेवटच्या भागावरचा सर्वांत मोठा आक्षेप त्याच मरणाशी बांधलेला आहे. तो न पाहिलेल्या माणसाला समोरचा का चिडलाय हेच कळणार नाही.

जागा आणि वेळ

वाचनालयाचा छोटा हॉल किंवा शाळेचा मोठा वर्ग सगळ्यांत बरा. हुतात्मा स्मृती मंदिरासारखं नाट्यगृह घेऊ नका, तिथे ३० माणसं हरवून जातात आणि मंचावरचा माणूस भाषण ठोकायला लागतो. खुर्च्या दोन अर्धवर्तुळांत मांडा. आवडलेले एकीकडे आणि न आवडलेले दुसरीकडे असं कधीही बसवू नका. बाजू ठरली की माणूस मत बदलायला लाजतो.

रविवारी सकाळी १० ची वेळ ठेवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी चाळीसच्या वर गेलेल्या पाऱ्यात कुणी येत नाही, आलं तरी पंखे इतक्या जोरात लावावे लागतात की मागच्यांना शब्द ऐकू येत नाही. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा होम मैदानाच्या बाजूला हॉल घेतला तर गर्दीतून पोचणंच अवघड होईल. एकच कॉर्डलेस माइक पुरे, पण जादा सेल जवळ ठेवा. लाइट गेली तर आवाज चढवण्यापेक्षा खुर्च्या जवळ ओढून घ्या.

सोलापुरात एकाच रांगेत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरात बोलणारी माणसं बसतात. चर्चा मराठीत चालेल, पण ज्याला ज्या भाषेत सुचतं त्यात बोलू द्या आणि शेजाऱ्याने दोन वाक्यांत सार सांगावं. पूर्व भागातली तेलुगू बोलणारी मंडळी आली असतील तर हे आधीच जाहीर करा, नाहीतर ती शेवटपर्यंत गप्प राहतील.

चिठ्ठी: सगळ्यांत महत्त्वाची पंधरा मिनिटं

दारातच प्रत्येकाला अर्धा कागद आणि पेन द्या. कुणीही तोंड उघडायच्या आधी चार गोष्टी लिहून घ्या, नाव नको.

१. या मालिकेतला पहिला भाग कोणता पाहिला, तेव्हा वय किती होतं आणि कोणत्या भाषेत पाहिला.
२. शेवटच्या भागाला १० पैकी गुण.
३. आधीचा एकही भाग नसता आणि हाच चित्रपट एकटा पाहिला असता, तर किती गुण दिले असते.
४. मत पक्कं करणारा एक प्रसंग. 'शेवट' किंवा 'अभिनय' चालणार नाही, प्रसंगच हवा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातलं अंतर नीट पाहा. एखाद्याने ३ आणि ७ लिहिलं असेल तर त्याचा राग या चित्रपटावर नाही, आधीच्या भागांशी झालेल्या दगाफटक्यावर आहे. ८ आणि ४ लिहिणाऱ्याला बालपणापासूनचा जिव्हाळा वर उचलतोय. ४ आणि ४ असेल तर चित्रपटच फसला असं त्याचं म्हणणं आहे. तिघांशी वेगवेगळं बोलावं लागतं.

चिठ्ठ्या आधीच घ्यायच्या, कारण पहिला ठाम बोलणारा उभा राहिला की निम्मा हॉल त्याच्याकडे झुकतो आणि खरी मतं पुन्हा सापडत नाहीत. गुणांची सरासरी काढत बसू नका. सगळ्यांनी ६ दिले किंवा निम्म्यांनी ३ आणि निम्म्यांनी ९ दिले, सरासरी ६ च येते, आणि दुसऱ्या हॉलमध्ये वाद पेटलेला असतो. फळ्यावर १ ते १० आकडे लिहून प्रत्येक चिठ्ठीमागे एक फुली मारा. दोन उंचवटे दिसले तर चर्चा रंगणार.

फळ्यावर चार रकाने

पहिली फेरी ६० मिनिटांची, प्रत्येकाला दोन मिनिटं. पावणेदोन मिनिटांनी टेबलावर एक टिचकी, दोन मिनिटांनी माइक पुढे. पाच-सहा जण बोलणार नाहीत, त्यांचा वेळ माइक फिरवण्यात जातो. एक माणूस फक्त फळ्यावर लिहील, तो चर्चेत भाग घेणार नाही. रकाने चार: वचन, नियम, वेग, अर्थ. प्रत्येक तक्रार आणि प्रत्येक कौतुक यातल्या एकात बसवायचं.

वचन म्हणजे आधीच्या भागांनी दिलेला शब्द. इथे रे या नायिकेच्या आईवडिलांचा मुद्दा येणारच. 'द लास्ट जेडाय'मध्ये खलनायक कायलो रेन तिला सांगतो की तिचे आईवडील भंगार विकणारे, कुणी नसलेले लोक होते. शेवटच्या भागात ती पॅल्पटाइनची नात निघते. चिडलेल्यांचं म्हणणं असं की कुठल्याही घराण्याशिवाय मोठं होता येतं हा शब्द मोडला. बाजू घेणारे सांगतात की ते कायलोचं बोलणं होतं, चित्रपटाने आईवडील दाखवले नव्हते, आणि नव्या भागानुसार त्यांनी मुलीला वाचवण्यासाठीच सामान्य आयुष्य पत्करलं. इथे थांबून विचारा: शब्द मोडला, की वाकवला? हा प्रश्न विचारला की बोलणं लगेच नेमकं होतं.

नियम म्हणजे त्या जगाचे कायदे. विज्ञानकथापटात हा रकाना सगळ्यांत आधी भरतो, आणि एकच चाचणी पुरते: शेवटी जी शक्ती कामी येते ती आधी दाखवली होती का? रे जखम बरी करण्याची शक्ती आधी एका जखमी सापासारख्या प्राण्यावर वापरते, मग कायलोवर, आणि शेवटी तो रेसाठी वापरतो. म्हणजे चित्रपटाने स्वतःपुरती तयारी केली आहे. मालिकेच्या आधीच्या चित्रपटांत तशी तयारी होती का, हा वेगळा प्रश्न आणि तो वेगळाच लिहा. पॅल्पटाइनचं परतणं मात्र सुरुवातीच्या धावत्या मजकुरातच जाहीर होतं. १९८३ मध्ये त्याचाच साथीदार डार्थ व्हेडरने स्वतःचा जीव देऊन त्याला संपवलं होतं, ते बलिदान आता वाया गेलं का? या एका प्रश्नावर २० मिनिटं सहज जातात. ती जाऊ द्या, दुसऱ्या फेरीत.

वेग हा रकाना पटकन भरतो. रेचा साथीदार च्युबॅका मेला असं वाटतं आणि थोड्याच वेळात तो जिवंत निघतो. सी-थ्रीपीओ या यंत्रमानवाची स्मृती पुसली जाते आणि परत मिळते. प्रसंगाचं ओझं बसायच्या आतच काढून घेतलं जातं, ही तक्रार रास्त आहे आणि चित्रपट आवडलेलेही ती मान्य करतात. असा एक समान मुद्दा सुरुवातीला सापडला की हॉलमधला ताण उतरतो, म्हणून सूत्रसंचालकाने पहिल्या दहा मिनिटांत वेगाचा विषय काढावा.

अर्थ हा शेवटचा रकाना. रे स्वतःला स्कायवॉकर, म्हणजे मूळ मालिकेच्या नायकाच्या आडनावाने, म्हणवते. कुणाला त्यात निवडलेलं कुटुंब दिसतं, कुणाला वाटतं ती नुसती रे राहिली असती तर बरं झालं असतं. इथे निकाल लावायला जाऊ नका, नुसतं नोंदवा.

'बोअर झालं' असं कुणी म्हटलं तर एकच प्रश्न: कोणत्या प्रसंगापासून? 'भारी होता' याला पण तोच प्रश्न. प्रसंग सांगता आला नाही तर माइक पुढे जातो. हा नियम कडक ठेवा. त्यात ढिलाई झाली की चर्चा पुन्हा चहाच्या गाडीवर जाते.

टक्क्यांचं काय करायचं

कुणीतरी मोबाइल काढून टक्के वाचणारच. रॉटन टोमॅटोज या चित्रपटांवरची मतं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर 'द लास्ट जेडाय'ला समीक्षकांकडून नव्वदच्या आसपास आणि प्रेक्षकांकडून चाळिशीत टक्के आहेत. शेवटच्या भागाला बरोबर उलटं: समीक्षकांचे पन्नासच्या आसपास, प्रेक्षकांचे ८६ च्या जवळपास. दोन्ही तट हे आकडे हत्यारासारखे वापरतात, म्हणून सूत्रसंचालकाला दोन गोष्टी माहीत हव्यात. हे टक्के म्हणजे गुण नव्हेत, अनुकूल मत देणाऱ्यांचं प्रमाण आहे. सगळ्यांनी जेमतेम बरा म्हटलं तरी १०० टक्के होतात. आणि मे २०१९ पासून त्या संकेतस्थळाने तिकीट काढल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांची मतं वेगळी मोजायला सुरुवात केली, त्यामुळे २०१७ चा प्रेक्षकांचा आकडा २०१९ च्या शेजारी ठेवताच येत नाही. थिएटरच्या दारात प्रेक्षकांकडून श्रेणी भरून घेणाऱ्या सिनेमास्कोअरमध्ये 'द लास्ट जेडाय'ला 'ए' आणि शेवटच्याला 'बी प्लस' मिळाला, म्हणजे उलटंच चित्र. एवढं दोन मिनिटांत सांगा आणि मोबाइल खिशात ठेवायला लावा.

चहा आणि दुसरी फेरी

चहा १५ मिनिटं, ३० जणांना साधारण तीन लिटर. उन्हाळ्यात पाण्याचे २० लिटरचे दोन जार ठेवा. या वेळेत सूत्रसंचालकाने फळा पाहून सगळ्यांत जास्त वेळा आलेले दोन मुद्दे निवडावेत. तीन निवडले तर एकही पुरा होत नाही.

दुसरी फेरी ३५ मिनिटांची. इथे बोलायच्या आधी समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं आणि त्याने 'हो, हेच म्हणत होतो' म्हटल्यावरच पुढे जायचं. वेळ खातं, पण अर्धी भांडणं इथेच मिटतात.

पडद्यामागच्या घडामोडी या फेरीच्या शेवटच्या दहा मिनिटांतच येऊ द्या. राजकन्या लेयाची भूमिका करणाऱ्या कॅरी फिशर २७ डिसेंबर २०१६ रोजी गेल्या, त्यामुळे शेवटच्या भागात आधी चित्रित केलेली पण न वापरलेली दृश्यं घेऊन तिचे प्रसंग उभे करावे लागले. दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्होरो सप्टेंबर २०१७ मध्ये बाहेर पडले आणि 'द फोर्स अवेकन्स'चे दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स परत आले. ही माहिती आधीच आली तर 'बिचाऱ्यांनी काय करायचं' म्हणून चर्चा तिथेच विझते. अडचण कळली म्हणून पडद्यावरचा दोष नाहीसा होत नाही, आणि अडचण माहीत नसताना माणसावर आरोप करणंही बरोबर नाही. ऐकीव पटकथा आणि अफवा मात्र पूर्ण बंद.

बिघडतं कुठे

पात्रावरून बोलणं कलाकारावर घसरतं तिथे. रोझ टिको साकारणाऱ्या केली मेरी ट्रॅनवर इंटरनेटवर इतका विखार ओतला गेला की २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट काढून टाकल्या. रोझला शेवटच्या भागात फार थोडी जागा मिळाली, यावर जरूर बोला. कलाकाराच्या रूपावर किंवा वंशावर पहिला शब्द आला की माइक काढून घ्या, समजावत बसू नका.

दुसरी अडचण म्हणजे सगळं पाठ असलेला जाणकार. तो चूक नसतो, पण नवख्याला गप्प करतो. त्याला फळ्यावर लिहायचं काम द्या. सगळे मुद्दे त्याला ठाऊक असल्याने रकाने तोच सगळ्यांत अचूक भरतो.

तिसरी, सगळेच एकमत. चिठ्ठ्यांवर एकच उंचवटा दिसला तर त्यातल्या तिघांना चिठ्ठी उपसून विरुद्ध बाजू द्या आणि चहाच्या वेळेत तयारी करायला सांगा. नाव पुकारून देऊ नका.

शेवटची १० मिनिटं पुन्हा चिठ्ठी: गुण किती, आणि आज ऐकलेला कोणता प्रसंग पुन्हा पाहावासा वाटतो. गुण सहसा एकदोनानेच हलतात, त्यात निराश होण्यासारखं काही नाही. प्रसंगाचा रकाना मात्र जपून वाचा, आणि ज्या प्रसंगाचं नाव दोन्ही तटांच्या चिठ्ठ्यांवर आलंय तो पुढच्या बैठकीचा पहिला विषय म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून फोटो काढून घ्या.