दातांची निगा: पैसा आणि शिक्षणाच्या भरवशावर राहू नका, या चुका टाळा

गरिबाचे दात किडले की लोक म्हणतात, ‘यांना कळतच नाही.’ शिकल्यासवरल्या माणसाचा विषय निघाला की म्हणतात, ‘त्यांना काय सांगायचं?’ दोन्ही समज घातक आहेत. चार पैसे हातात आले, शिक्षण झालं की दात घासायची सवय सुधारते हे खरं. पण चुका संपत नाहीत, नुसत्या बदलतात.

गरिबाला अडाणी समजणं

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं बघा. बीडकडची जोडपी दिवाळीच्या आसपास घर सोडतात आणि पुढचे काही महिने फडाजवळच्या खोपीत काढतात. पहाटे अंधारात तोड सुरू, पाणी लांबून आणायचं, गाडी भरायला कधीही उठायचं. दाढ ठणकली तरी दवाखाना गाठता येत नाही, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. मग दाढेत लवंग किंवा तंबाखू धरायची, मेडिकलमधून गोळी आणायची आणि अगदीच सहन होईना की दाढ काढून मोकळं व्हायचं. खासगी दवाखान्यात रूट कॅनाल (दाढेच्या मुळातली कीड साफ करून ती भरणं) आणि कॅप मिळून काही हजार रुपये जातात, शिवाय खेपा घालाव्या लागतात. काढायला एक खेप पुरते. रोजावर जगणाऱ्याचा हा हिशेब नाइलाजाचा आहे. त्याला अज्ञान म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

अशा घराला लांबलचक उपदेश उपयोगाचा नाही. दिवसातून दोनदा जमत नसेल तर निदान रात्री जेवणानंतर घासा, कारण झोपेत लाळ कमी होते आणि कीड तेव्हाच जोर धरते. वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर फेस थुंकून टाका, खळखळून चूळ भरू नका. पेस्टमधलं कीड रोखणारं फ्लोराइड दातांवर राहतं आणि पाणीही वाचतं. पेस्ट स्वस्तातली चालेल, फक्त वेष्टणावर फ्लोराइड लिहिलेलं हवं. 22 सप्टेंबर 2025 पासून पेस्ट आणि ब्रशवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला आहे, तेही लक्षात असू द्या. आणि हंगाम संपवून गावी आलात की दुखायची वाट न बघता सरकारी रुग्णालयात दात दाखवून घ्या. लहान खड्डा एका बैठकीत भरून होतो.

मशेरीला दंतमंजन समजणं

मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेला तंबाखू. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर कायदा पोचत नाही. ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असं बायका सांगतात तेव्हा त्या खोटं बोलत नसतात. निकोटिनमुळे आतड्यांना चालना मिळते, आणि तीच सवय जडते. हिरड्या मात्र खाली सरकतात, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो आणि गरोदरपणात बाळाचं वजन कमी भरतं. एकदम सुटत नसेल तर आधी दुपारची आणि रात्रीची बंद करा. सकाळी उठल्यावर कोमट पाणी प्या, जेवणात भाकरीबरोबर पालेभाजी वाढवा, म्हणजे पोटाची तक्रार कमी होईल. सासूबाई लावत असतील तर सुनेला एकटीला सोडणं अवघड जातं. दोघींनी मिळून सोडा.

शिकलेल्यांच्या चुका

सकाळी लिंबू-मध-पाणी प्यायचं आणि लगेच ब्रश करायचा, ही चूक सुशिक्षित घरांत फार दिसते. आंबटामुळे दाताचं वरचं कवच थोडा वेळ मऊ पडतं, त्यावर ब्रश चालवला की ते झिजतं. आधी ब्रश करा, नाहीतर अर्धा तास थांबा. कडक ब्रशने आडवं, जोर लावून घासलं तर हिरडीजवळ खाच पडते आणि गार पाणी झोंबायला लागतं. अशा वेळी महागडी पेस्ट बदलत बसू नका. ब्रश मऊ घ्या आणि हात हलका ठेवा.

कोळशाची पेस्ट हा दुसरा मोह. आजीची राखुंडी आपण खरखरीत म्हणून सोडली, आणि तसलाच खरखरीतपणा आता ट्यूबमध्ये भरून जास्त पैशांना विकत घेतो. ‘नैसर्गिक’ म्हणवणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. घेण्याआधी मागची बाजू वाचा.

आणि ऑफिसमधला चहा-बिस्किटांचा रतीब! साखर किती खाल्ली याच्याइतकंच ती दिवसातून किती वेळा दाताला लागली हेही महत्त्वाचं असतं.

सगळ्यांचा एक गैरसमज

दात साफ करून घेतले की हलायला लागतात, असं गरीब-श्रीमंत दोघंही मानतात. खरं तर हिरडी आधीच कमजोर झालेली असते. मधलं किटण दातांना धरून असतं, ते निघालं की ढिलेपणा जाणवतो. मधुमेह असेल तर दात साफ करून घेणं टाळूच नका: हिरड्यांचा आजार साखर वाढवतो आणि वाढलेली साखर हिरड्या बिघडवते.

यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत दातांवर तपकिरी डाग दिसतात. तो अस्वच्छपणा नव्हे. लहानपणी बोअरच्या पाण्यातून पोटात गेलेल्या जादा फ्लोराइडचा तो परिणाम आहे आणि घासून तो जात नाही, म्हणून राखेने खरवडू नका.

वाट न बघता दाखवा

तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा उठला, तिखट अजिबात सोसेना, तीन बोटं उभी मावतील इतकं तोंड उघडेना, तर त्याच आठवड्यात दाखवा. मुंबईत नायर दंत महाविद्यालय आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खासगीपेक्षा खूप कमी खर्चात तपासणी होते.