ला पाझजवळ मुलांसह नांगर टाकताना

मेक्सिकोतल्या ला पाझजवळ, एस्पिरितू सांतो बेटापाशी लहान मुलांना घेऊन शिडाच्या बोटीत मुक्काम करणार असाल, तर दुपारच्या शांत पाण्याला भुलू नका. उन्हाळ्यात तिथे संध्याकाळनंतर ‘कोरोमुएल’ हा नैर्ऋत्येचा वारा सुटतो आणि अनेकदा सकाळपर्यंत थांबत नाही. बेटाच्या नांगर टाकण्याजोग्या बहुतेक खाड्या पश्चिमेला उघड्या, त्यामुळे लाटा थेट आत शिरतात. दक्षिण आणि नैर्ऋत्य बाजूला डोंगराचा आडोसा असलेला कोपरा शोधा, तो इतर बोटींनी आधी भरतो. उजेड असतानाच मुलांच्या बिछान्याच्या कडेला जाड कापडाची आड घट्ट बांधा, नाहीतर मध्यरात्री पोर खाली! कठड्याला जाळी असली तरी डेकवर लाइफ जॅकेट हवंच. यात घासाघीस नको.