गावातलं बंद घर दाखवताना: नव्या दलालांसाठी

घर-प्लॉटच्या कामात नव्यानं आलेल्याला पहिली धास्ती असते अनोळखी गिऱ्हाइकाची. अकोला-यवतमाळकडे किंवा चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत काम करायचं असेल, तर आधी घराचीच धास्ती बाळगा. विक्रीला निघालेलं घर बरेचदा वर्षानुवर्षं बंद असतं. मालक पुण्याला, चावी शेजारच्या काकूंकडे. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी, सकाळी नऊ-दहाच्या उजेडात, सोबत एक माणूस घेऊन घर स्वतः उघडून बघा. बाकीचं सगळं यानंतरचं.

पायांत घोट्यापर्यंतचे बूट, हातात काठी आणि दिवसासुद्धा बॅटरी. कुलूप काढलं की लगेच आत शिरू नका. दार पूर्ण उघडून दोन-तीन मिनिटं बाहेर थांबा आणि उंबरठ्यावर काठी आपटा; सापाला जमिनीची थरथर कळते, वाट असेल तर तो सरकतो. कोनाडा, बळद (धान्य साठवायची बंदिस्त जागा), कवेलूंची थप्पी, गोवऱ्यांचा ढीग यांत हात घालायचा नाही. नाग, घोणस, मण्यार हे तिन्ही विषारी साप आपल्याकडे आहेत, आणि मण्यारचा दंश कित्येकदा दुखतही नाही, म्हणून ‘काही झालं नाही’ म्हणत घरी बसू नका. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं, मांत्रिक हे सगळं सोडा. तो हात किंवा पाय हलू न देता 108 ला फोन करा. प्रतिविष जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळतं, ते निघण्याआधीच विचारून ठेवा.

मग मान वर करा. धाब्याचं घर असेल तर छतावर मातीचा थर असतो. एक घनफूट कोरडी माती साधारण 45 किलो भरते, भिजली की त्याहून जड. दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर थर म्हणजे पाच टनांवर वजन, आणि ते पेलणारी लाकडं वाळवीनं आतून पोखरलेली असू शकतात. लाकडाला काठीनं ठोका: भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ वाटला किंवा भुसा गळला तर त्या खोलीत गिऱ्हाईक न्यायचं नाही. छतावर गवत उगवलेलं दिसलं, तर पाणी मुरतंय असं समजा. धाब्यावर चढून ‘वरून शेत दिसतं’ हे दाखवायची हौस तर मुळीच नको. बांधकामाखालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. नुसत्या चिरेपेक्षा बाहेर पोट काढलेली मातीची भिंत जास्त वाईट. झडीनंतर ऊन पडलं तरी ओली भिंत पडू शकते, म्हणून अशा घराची पाहणी चार दिवस पुढे ढकला.

जुन्या वाड्यात पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, असू शकतं. वर फरशी किंवा फळ्या, त्यावर शेण-मातीचा लेप. कुजलेल्या फळीवर पाय पडला की माणूस थेट आत. तळाशी सडलेल्या धान्याचा वायू साचलेला असतो आणि प्राणवायू कमी. पेव, जुनी विहीर किंवा शौचालयाच्या टाकीत कुणी पडलं, तर वाचवायला उडी मारणाराही बेशुद्ध पडतो. दोर टाका, लोकांना बोलवा, 112 लावा. आत उतरू नका. पाहणीआधी अशा जागेभोवती दोर बांधून ठेवलेला बरा.

विजेचं थोडक्यात. मीटर कापलेलं असलं तरी शेजाऱ्यानं ओढलेली तार किंवा आकडा जिवंत असू शकतो. मेन बंद करा. टिनाचं दार, लोखंडी चौकट, कूलरचा सांगाडा टेस्टर लावल्याशिवाय धरू नका. टेस्टर पेटला की मागे फिरा.

आता माणसं. वडिलोपार्जित घरात भावाची सही नसताना आत शिरलात, तर काठी घेऊन येणारा चोर नसून मालकाचा चुलतभाऊ असतो, आणि पोलिसांत तक्रार तुमच्यावरच होते. ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरपट्टी आकारणीची नोंद) किंवा मिळकत पत्रिका बघा, नावं मोजा आणि घर उघडायची परवानगी लेखी घ्या. पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवलं की अर्धी भांडणं मिटतात.

गिऱ्हाइकाला पहिल्यांदा घरी नव्हे, बसस्टँडवर किंवा ग्रामपंचायतीसमोर भेटा. गाडीचा नंबर घरच्यांना पाठवा. आपण आपल्याच गाडीनं जा. आत जाताना गिऱ्हाईक पुढे, तुम्ही मागे, दाराच्या बाजूला. काढलेलं कुलूप खिशात टाकण्यापेक्षा कोयंड्यातच अडकवून बंद करा, म्हणजे बाहेरून कुणी कडी घालू शकत नाही. जाड भिंतींत रेंज जाते आणि लाइव्ह लोकेशन तिथेच थिजतं. त्यामुळे ‘तीनपर्यंत फोन आला नाही तर ये’ असं एका माणसाला सांगूनच निघा. ताई एकट्या काम करत असतील तर सोबत नसताना पाहणी ठेवूच नये, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. जंगलालगतच्या गावात पाहणी दिवस मावळायच्या बरीच आधी संपवा, आणि मे महिन्यात बारा ते चार टिनाखाली कुणालाच उभं करू नका.

घरात माणसं राहत असतील तर मालकाला सांगा: दागिने, कापसाचे पैसे, औषधं, जादा चाव्या आधीच हलवा. दोन गिऱ्हाइकं वेगवेगळ्या खोल्यांत पांगू देऊ नका. एक बोलण्यात गुंतवतो, दुसरा कपाट बघतो. जाहिरातीच्या फोटोत कुलूप, तिजोरी, ‘मालक बाहेरगावी’ असलं काही नको.

फोनवरून ‘फौजी आहे, घर पसंत, इसार पाठवतो, कोड स्कॅन करा’ म्हणणारे भेटतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा; पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 ला फोन करा. खरा इसारसुद्धा 20,000 किंवा त्यावर असेल तर रोखीनं घेऊ नका, कायद्यानं मनाई आहे; बँकेतून घ्या आणि इसारचिठ्ठीवर व्यवहाराचा क्रमांक लिहा.