प्राण्यांच्या गटाचे वागणे अभ्यासण्यासाठी त्यात यंत्रमानव सोडताना या चुका टाळा

पहिली आणि सर्वांत खर्चिक चूक म्हणजे यंत्रमानव आपल्या डोळ्यांना हुबेहूब दिसावा यासाठी सगळी मेहनत करणे. झुरळांवरील जो प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातील यंत्रमानव म्हणजे चाकांवरचे छोटे डबे होते. मात्र त्यांच्याभोवती झुरळांच्या अंगगंधाने माखलेला कागद होता आणि झुरळांना तेवढे पुरले. 12 झुरळांत, उजळ आडोसा पसंत करण्यासाठी घडवलेले असे 4 यंत्रमानव मिसळल्यावर, एरवी अंधारी जागा पसंत करणारा गट 61 टक्के चाचण्यांत दोन आडोशांपैकी कमी अंधाऱ्या आडोशाखाली जमला. यंत्रमानव नसताना हे प्रमाण 27 टक्के होते. याउलट बर्लिनमधील गप्पी माशांच्या प्रयोगांत यंत्राने हलवल्या जाणाऱ्या माशाच्या प्रतिकृतीला काचेचे डोळे बसवल्यावर मासे तिच्या अधिक जवळ येऊ लागले. तेव्हा ती जात कोणत्या इंद्रियावर भिस्त ठेवते, हे आधी पाहावे आणि रंगकाम नंतर करावे.

दुसरी चूक आखून दिलेल्या वाटेवरच यंत्रमानव फिरवण्याची. झुरळांच्या प्रयोगातले यंत्रमानव शेजाऱ्यांना प्रतिसाद देत असत, त्यामुळे उरलेल्या चाचण्यांत झुरळांनीच त्यांना अंधारात ओढून नेले. हे अपयश नव्हे. गटाचा निर्णय दोन्ही बाजूंनी घडतो, याचाच तो पुरावा आहे.

सर्वाधिक फसगत होते ती घाबरून पळणारे मासे प्रतिकृतीच्या मागे येत आहेत असे समजण्यात. अशा प्रयोगांत टाकीखाली फिरणाऱ्या छोट्या गाडीवरील चुंबकाने प्रतिकृती ओढली जात असताना मासे तिच्याच दिशेने जाताना दिसतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की नेता मिळाला. ते प्रतिकृतीच्या पुढे आहेत की मागे, हे चित्रफितीत तपासावे. मग प्रतिकृती मध्येच थांबवावी: सोबत आलेले मासे बहुधा तिच्या आसपास घुटमळतात, तर घाबरलेले कोपऱ्यात दाटी करतात किंवा जागीच थिजतात. गाडी झटक्यात वेग घेत असेल, तर चुंबकाची पकड सुटून प्रतिकृती कलंडते आणि त्यानंतरची नोंद टाकून द्यावी लागते.

मोटारीची थरथर काचेतून पाण्यात उतरते आणि माशांना ती अंगावरील पार्श्वरेषेने, म्हणजे पाण्यातील हालचाल टिपणाऱ्या इंद्रियाने, जाणवते. म्हणून प्रतिकृती न लावता नुसती गाडी चालवून एक चाचणी, आणि गाडी बंद ठेवून स्थिर प्रतिकृतीची दुसरी चाचणी घ्यावीच. हे कंटाळवाणे काम बहुतेक जण शेवटी ढकलतात, आणि तोवर निष्कर्ष मनात पक्का झालेला असतो. गोंदाचा वास किंवा दिव्याची चकाकी यांचा बंदोबस्त मात्र सोपा आहे.

आकडेमोडीत एका टाकीतले दहा मासे म्हणजे दहा स्वतंत्र नोंदी धरू नयेत. ते एकमेकांकडे पाहूनच वागतात, त्यामुळे नोंद एकच, गटाची. तोच गट वारंवार वापरल्यास मासे यंत्रमानवाला सरावतात आणि चौथ्या दिवशीचा थंड प्रतिसाद यंत्राच्या बिघाडाचा वाटू लागतो. अशा वेळी स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्याआधी न वापरलेला गट टाकीत सोडून पाहावा.